आमच्या हायस्कूलबद्दल पालक काय म्हणाले आणि मुले काय म्हणाली

माणदेशातील एका तालुक्याच्या गावी आमचे हायस्कूल आहे. अनुदानित, मराठी माध्यमाचे, पाचवी ते दहावीपर्यंतचे. गावातील दोन-तीन पिढ्या याच शाळेतून बाहेर पडल्या असल्यामुळे ज्याचे मूल आज तिथे शिकत नाही त्याचेही शाळेबद्दल ठाम मत असते. "आता पूर्वीची शाळा राहिली नाही" हे वाक्य मी एस.टी. स्टँडवर ऐकले आहे, पिठाच्या गिरणीत ऐकले आहे आणि ज्या पतसंस्थेत मी हिशेब सांभाळते तिथल्या काउंटरवर तर सतत ऐकते. मात्र पालकसभेत मुख्याध्यापकांनी "कोणाला काही सांगायचे आहे का?" असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात, मागच्या रांगेतून कोणीतरी "सगळं चांगलं चाललंय सर" म्हणते आणि चहा येतो.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीसाठी नववीच्या पालकांतून चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा माझे नाव निघाले. या समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात, सचिव एक शिक्षक असतो आणि बाकी काही शिक्षक व आम्ही पालक. पहिल्या बैठकीत ध्वजवंदन, सहल, स्नेहसंमेलन असे नेहमीचे विषय पटापट उरकल्यावर मुख्याध्यापकांनी पटाचा विषय काढला. गावात इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या आहेत, त्यांच्या पिवळ्या गाड्या वाड्यावस्त्यांपर्यंत जातात, आणि आमच्या पाचवीच्या वर्गात दरवर्षी थोडी थोडी गळती लागली आहे. अनुदानित शाळेत संचमान्यता पटावर होते. म्हणजे किती मुले आहेत त्यावर शिक्षकांची किती पदे मंजूर होणार हे ठरते. पट उतरला की पद जाते, पद गेले की राहिलेल्या शिक्षकाच्या गळ्यात त्याचा नसलेला विषय पडतो, आणि मग त्याच कारणाने आणखी पालक मूल काढून नेतात. लोक शाळेबद्दल काय बोलतात ते चहाच्या टपरीवरून कळण्यापेक्षा आपणच जाऊन विचारू या, असे सरांनी सुचवले आणि हे काम समितीतल्या आम्हा तीन पालकांकडे आले. एक मी, दुसऱ्या आमच्या गावच्या आशा सेविका, ज्यांचा मुलगा सातवीत होता, आणि तिसरे एक निवृत्त एस.टी. वाहक, ज्यांची नात दहावीत होती.

शाळेने यापूर्वी पालकांची मते घेतली नव्हती असे मुळीच नाही. कार्यालयातील कपाटात मागील काही वर्षांच्या 'पालक अभिप्राय' अर्जांची जाडजूड फाईल होती आणि ती मी घरी आणून वाचली. वर पाल्याचे नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, खाली पालकाची सही. मधे अध्यापन, शिस्त, स्वच्छता, ग्रंथालय, क्रीडांगण अशा बाबींपुढे चार रकाने. बहुतेक खुणा 'उत्तम'वर होत्या. 'सूचना' या शब्दापुढच्या दोन ओळींत एक तर रेघ ओढलेली होती किंवा 'निरंक' असे लिहिलेले होते, आणि अनेक अर्जांवरचे अक्षर उघडपणे मुलांचेच होते. ज्या शाळेच्या हातात आपल्या मुलाच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेत, त्या शाळेला नावानिशी, सहीनिशी उणेदुणे लिहून देणारा पालक मिळणे कठीणच. शिवाय 'अध्यापन कसे आहे' या प्रश्नाला दिवसभर शेतात किंवा दुकानात असणाऱ्या माणसाने काय उत्तर द्यावे? त्याने अध्यापन पाहिलेले नसते, त्याने फक्त निकाल पाहिलेला असतो.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. अर्जावर नाव नको, आणि शेरा मागणारा प्रश्न नको; जे घडले ते विचारायचे. मूल घरातून किती वाजता निघते आणि किती वाजता परत येते? त्याच्या गणिताच्या वहीत शिक्षकांची शेवटची सही कोणत्या तारखेची आहे? शाळेत जायला नको असे ते अलीकडे कधी म्हणाले आणि का? शिकवणी लावली आहे का, आणि लावली असेल तर कोणत्या विषयाची? मुलांसाठीचे प्रश्न वेगळे होते. वर्गात समजले नाही तर कोणाला विचारता, प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला, ग्रंथालयातून कोणते पुस्तक घरी नेले, मधल्या सुट्टीत कुठे असता. आशाताईंनी आग्रहाने आणखी एक प्रश्न घालायला लावला: शाळेत असताना पाणी पिता का, आणि पीत नसाल तर का? हा प्रश्न वाचून समितीतील एकदोघे हसले होते.

शिक्षकांकडून विरोध होणार हे गृहीतच होते आणि तो झालाही. नाव नसलेल्या कागदावर मुले सूड उगवतील, ज्याने वही अपुरी ठेवली म्हणून ओरडा खाल्ला तोच सर्वांत मोठे पान भरून लिहील, असे सचिवांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. बराच काथ्याकूट होऊन असे ठरले की शिवीगाळ किंवा निव्वळ टवाळी असलेला कागद आम्ही तिघांनी मिळून बाजूला काढायचा, पण तिघांचे एकमत असेल तरच. प्रत्यक्षात असे कागद अगदी मोजके निघाले, आणि त्यांतला एक तर खिचडीत मीठ कमी असते एवढ्याच विषयावर भडकलेला होता.

खरी अडचण मुलांनीच काढली. सातवीच्या वर्गात मी कागद वाटत असताना दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, नाव नाही लिहिलं तरी अक्षरावरून ओळखतील की!" सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. त्याचे म्हणणे खरे होते. वर्षभर त्याच वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला पन्नास हस्ताक्षरांतून एक ओळखायला वेळ लागत नाही. मी फळ्यासमोर उभी राहून त्यांना सांगितले की हे कागद शाळेत राहणार नाहीत, ते माझ्याबरोबर पतसंस्थेत जातील, तिथे मी ते टंकलिखित करीन आणि शिक्षकांना फक्त छापील प्रत दिसेल. तेवढ्यावरही दोन मुलींनी "मूळ कागदांचं काय करणार?" असे विचारून घेतले. तिजोरीच्या खोलीतील लोखंडी कपाटात ठेवीन म्हटल्यावर त्यांचे समाधान झाले आणि पेने चालू लागली. मुलांचे कागद भरून घेताना शिक्षकांनी स्टाफरूममध्येच थांबावे ही अट मुख्याध्यापकांनी मान्य केली होती आणि शेवटपर्यंत पाळली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. माझी मुलगी नववीत असल्यामुळे "आई, तू आमच्या वर्गात यायचं नाही" अशी तंबी मला घरातूनच मिळालेली होती. नववीचे वर्ग आशाताईंनी घेतले. दहावीला मात्र आम्ही पूर्वपरीक्षा होईपर्यंत थांबलो, कारण बोर्डाची परीक्षा त्या वर्षी २१ फेब्रुवारीलाच सुरू होणार होती आणि त्या मुलांना जानेवारीत दुसरे काही सुचत नव्हते.

पालकांचे कागद जमवणे हे मुलांच्या कागदांपेक्षा जड गेले. सभेला येणाऱ्या आया लिहून देऊन गेल्या, पण सभेला न येणारे पालक हाच आमचा खरा प्रश्न होता. वाड्यावस्त्यांवर जाण्याचे काम वाहकमामांनी अंगावर घेतले. त्या भागातील प्रत्येक थांबा आणि त्या थांब्यावर उतरणारे घर त्यांना ठाऊक. काही ठिकाणी मीही बरोबर गेले. एका वस्तीवर नातवाला सांभाळणाऱ्या आजीला आम्ही शाळेबद्दल विचारले, तेव्हा तिने दावणीजवळून न उठता सांगितले, "शाळा झकास हाय. पोरगं रोज जातंय, कुणाला मारून येत न्हाई, मार खाऊन येत न्हाई. आनखी काय पायजे?" हे मत कोणत्या रकान्यात लिहावे हे आम्हाला कळेना, म्हणून ते तसेच्या तसे उतरवून घेतले.

आजीच्या घरी मुलाचे आईवडील नव्हते, आणि ही आमच्या भागातील साधी गोष्ट आहे. दुष्काळी टापूतील कितीतरी घरांतील माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायात देशभर पसरलेली आहेत. कोणी तमिळनाडूत, कोणी केरळात, कोणी आसामात. मुले लहान असताना बरोबर असतात, पण तिकडची भाषा आणि इकडची शाळा यांचा मेळ बसेना की त्यांना पाचवीत किंवा आठवीत गावी आणून आजी-आजोबांकडे ठेवतात. अशा पालकांना अर्ज पाठवून उपयोग नव्हता. आम्ही प्रश्न वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवले आणि त्यांनी आवाजातच उत्तरे धाडली. पतसंस्था बंद झाल्यावर मी ती उत्तरे कानाला फोन लावून कागदावर उतरवीत बसे. मागे भट्टीचा आणि ठोकण्याचा आवाज, मधेच कोणाशी तरी परक्या भाषेत बोलणे, आणि पुन्हा आमच्या बोलीत शाळेविषयी. कोईमतूरहून एका वडिलांनी सांगितले की शाळा वर्गाच्या गटावर वाढदिवस, जयंत्या आणि सत्कारांचे फोटो पाठवते, पण आपला मुलगा आज शाळेत होता की नव्हता हे मात्र कोणी कळवत नाही. तो तीन आठवडे शाळेऐवजी भलतीकडे जात होता हे त्यांना चुलत्याकडून समजले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "आम्ही लांब आहोत, तुम्ही तिथं आहात, एवढं तरी बघा" असे म्हणून त्यांनी बोलणे संपवले.

सगळे कागद एकत्र आल्यावर पालकांचे आणि मुलांचे गठ्ठे शेजारी शेजारी ठेवून मी वाचू लागले, तेव्हा दोघे एकाच शाळेबद्दल बोलत आहेत यावर विश्वास बसणे अवघड होते. पालकांना शाळेची अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट वाटत होती ती म्हणजे दहावीचे जादा तास. शाळा सुटल्यावर साडेपाच-पावणेसहापर्यंत शिक्षक थांबतात, तेही फुकट, याबद्दल पालकांनी भरभरून लिहिले होते. मुलांच्या गठ्ठ्यात, विशेषतः वाड्यांवरून येणाऱ्या मुलींच्या कागदांत, हाच जादा तास सर्वांत मोठी तक्रार होऊन आला होता. त्यांची गाडी सव्वापाचला सुटते. मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, पण पास असून गाडी नसेल तर काय करायचे? पुढची गाडी सातनंतर, थंडीच्या दिवसांत अंधार पडल्यावर, आणि फाट्यापासून वस्ती आणखी आत. त्यामुळे या मुली निम्मा तास झाला की वर्गातून उठत. नेमके त्यानंतर जे शिकवले जाई ते त्यांना दुसऱ्या दिवशी गावातल्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यावे लागे. एकीने लिहिले होते की उठून जाताना सर काही बोलत नाहीत, पण सगळे वळून पाहतात.

गणिताच्या बाबतीत पालकांचे उत्तर एका शब्दात होते: शिकवणी. निम्म्याहून अधिक पालकांनी गणिताची शिकवणी लावलेली होती आणि तरीही शाळेतील गणित 'चांगले' असल्याचे सांगितले होते. मुलांनी मात्र नेमके लिहिले. "सर पुढच्या दोन बाकांशी बोलतात" हे वाक्य एकाने लिहिले होते, आणि तोच अर्थ वेगवेगळ्या शब्दांत इतरांच्याही कागदांवर होता. समजले नाही तर कोणाला विचारता या प्रश्नाला 'सरांना' असे उत्तर फार थोड्या कागदांवर मिळाले. मित्राला, शिकवणीच्या दादाला, यूट्यूबला, आणि काही ठिकाणी सरळ 'कोणालाच नाही'. सेमी इंग्रजीचेही तसेच. सेमी पाचवीपासून सुरू करा ही पालकांची जोरदार मागणी होती. मुलांचे म्हणणे असे की विज्ञानाचा धडा इंग्रजीत वाचून दाखवतात, मराठीत समजावतात आणि उत्तर इंग्रजीत पाठ करायला लावतात, तेव्हा समजलेले एका भाषेत राहते आणि लिहायचे दुसऱ्या भाषेत. नववीतील मुलाने हे इतक्या स्वच्छ शब्दांत मांडावे याचे मला कौतुक वाटले, आणि त्याच्या घरच्यांनी सेमीची मागणी केलेली असणार हेही मनात आले.

शिस्तीबद्दल पालक फार कडक होते. "दोन फटके द्या, पण वळण लावा" या अर्थाची वाक्ये अनेक अर्जांवर होती, आणि ती लिहिणाऱ्यांत शिकलेले पालकही होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केलेली आहे, हे आम्ही सभेत सांगितले तेव्हा काहींनी मान हलवली आणि काहींनी हलवली नाही. मुलांच्या कागदांत छडीचा उल्लेख जवळजवळ नव्हताच. त्यांना बोचत होते ते वेगळेच: सगळ्यांसमोर बापाच्या धंद्यावरून बोलणे, गुण मोठ्याने वाचून दाखवणे, आणि थोरल्या भावाशी किंवा बहिणीशी तुलना.

आणि मग आशाताईंचा पाण्याचा प्रश्न. मुलग्यांनी टाकीच्या नळाबद्दल आणि उन्हाळ्यात गरम येणाऱ्या पाण्याबद्दल लिहिले होते. मुलींच्या कागदांवर, पाचवी-सहावीच्या नव्हे तर सातवीपासून वरच्या, एकामागून एक हेच उत्तर येत गेले की आम्ही पाणी पीत नाही, किंवा डबा खाल्ल्यावर दोन घोट पितो. एका कागदावर लिहिले होते: "संडासच्या दाराला आतून कडी नाही. मैत्रीण धरून उभी राहते. ती आली नाही त्या दिवशी मी पाणी पीत नाही." ज्या अर्जांत 'स्वच्छता' या रकान्यापुढे वर्षानुवर्षे 'उत्तम' अशी खूण होती त्याच शाळेतील ही कडी. आशाताईंनी तो कागद वाचला, बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना गाठून कडी आधी बसवा, अहवाल मागाहून वाचा असे सांगितले. सातआठ दिवसांत सर्व दारांना कड्या लागल्या. खर्च किरकोळ होता. मुख्याध्यापकांनाही हे ठाऊक नव्हते, कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते आणि अशी गोष्ट त्यांना जाऊन सांगेल अशी मुलगी निघणे अवघड.

एवढ्यावर काम संपवावे असे समितीतील बहुतेकांना वाटत होते. पण शाळेत असलेल्यांनाच शाळेबद्दल विचारून पटाचा प्रश्न कसा सुटणार? जे सोडून गेले त्यांना विचारल्याशिवाय चित्र पुरे होत नव्हते. कार्यालयातून आम्ही शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे पुस्तक मागितले. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात पानेच्या पाने 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिलेले होते. त्या घरांपैकी ज्यांच्याशी आमची ओळखदेख होती अशांकडे आम्ही गेलो. पाचवीनंतर इंग्रजी माध्यमात गेलेल्यांनी गाडी घरापर्यंत येते हे कारण आधी सांगितले आणि इंग्रजी नंतर. हे आम्हाला अपेक्षित नव्हते. एका आईने तर उघड सांगितले की तिथे काय शिकवतात ते मला कळत नाही, पण मुलगी दारात उतरते.

नववीतून गेलेल्यांचे कारण मात्र निराळे होते आणि ते सांगताना लोक आवाज उतरवीत. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल काही वर्षे शंभर टक्के लागतो आहे, त्याचा फलक दर्शनी भिंतीवर आहे आणि पालकांच्या जवळजवळ प्रत्येक अर्जावर त्याचा उल्लेख होता. या घरांत आम्हाला ऐकायला मिळाले ते असे की नववीत कच्च्या राहिलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून समजावले जाते: हा दहावीला निघणार नाही, त्यापेक्षा दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. सतरा नंबरचा अर्ज म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याची बोर्डाची सोय. ज्यांची शाळा काही कारणाने सुटली त्यांना पुन्हा संधी मिळावी म्हणून असलेली. ती शाळेत येणाऱ्या मुलाला शाळेबाहेर काढण्यासाठी वापरली जावी हे कोणालाच पटण्यासारखे नाही. एका घरी तो मुलगा स्वतः भेटला. त्याने फॉर्म भरला होता, परीक्षा दिली नव्हती आणि आता तो मामाबरोबर गलाईच्या दुकानात जाणार होता. शाळेबद्दल काय वाटते असे विचारल्यावर तो म्हणाला, "शाळा चांगली आहे. खो-खोचा संघ चांगला आहे."

छापील अहवाल आधी शिक्षकांसमोर ठेवायचा आणि मग पालकसभेत, असे ठरले होते. शिक्षकांची बैठक तापली. गणिताच्या सरांनी शांतपणे, पण दुखावलेल्या स्वरात आपली बाजू मांडली आणि ती ऐकून घेण्यासारखी होती. त्यांच्या वर्गात साठाच्या वर मुले आहेत. ३५ मिनिटांच्या तासात हजेरी आणि गृहपाठ वगळून जे उरते त्यात मागच्या बाकापर्यंत पोचणे जमत नाही. २०२४ मध्येच लोकसभेची आणि विधानसभेची अशा दोन निवडणुका झाल्या होत्या, आणि सर स्वतः मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असल्यामुळे मतदार याद्या, प्रशिक्षणे आणि २० नोव्हेंबरचे विधानसभेचे मतदान यांत दिवाळीच्या आगेमागेचे कितीतरी तास बुडाले. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे शिक्षण हक्क कायदा म्हणतो खरा, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्याच कलमात सूट आहे. "मुलांनी लिहिलं ते खरं आहे, पण कारण त्यांना माहीत नाही" असे ते म्हणाले. ते कारण मुलांना कोणी सांगितले नव्हते हेही तितकेच खरे. इंग्रजीच्या मॅडमनी मात्र दुसऱ्याच दिवशी गुण मोठ्याने वाचणे बंद केले, असे माझ्या मुलीने घरी येऊन सांगितले.

पालकसभा नेहमीपेक्षा मोठी झाली. वाहकमामांनी गाडीचा प्रश्न मांडला, आणि गावातल्या पालकांना आपण ज्याची स्तुती करतो त्या जादा तासातून वाड्यांवरच्या मुली उठून जातात हे पहिल्यांदाच कळले. दोन तोडगे पुढे आले. आगाराकडे गाडीची वेळ बदलण्याचा अर्ज करायचा आणि तोवर जादा तास शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर घ्यायचे. अर्जाचे उत्तर आजवर आलेले नाही, शनिवारची व्यवस्था चालू आहे. गलाईवाल्या पालकांसाठी वर्गशिक्षकांनी गैरहजर मुलांची यादी दुपारी बारापर्यंत फोनवर कळवायची असे ठरले. ते काही वर्गांत नेमाने होते, काहींत वर्गशिक्षकाला आठवेल तेव्हा होते. सेमीच्या मागणीवर काहीच ठरले नाही. मुलांचे म्हणणे वाचून दाखवल्यावरही पालक मागणीवरून हटले नाहीत, आणि त्यांचीही अगदीच चूक म्हणता येत नाही. अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर सगळे इंग्रजीतच येणार हे त्यांना दिसते आहे.

नववीतील दाखल्यांचा विषय मी सभेत मांडला तेव्हा मुख्याध्यापकांनी तो पुढच्या कार्यकारी समितीच्या बैठकीत घेऊ असे सांगितले, आणि खरोखर घेतला. तिथे बरीच वादावादी झाली. निकाल घसरला तर पट आणखी उतरेल, मग शिक्षकांची पदे जातील, याची जबाबदारी पालक घेणार आहेत का, असा सचिवांचा सवाल होता. मी एवढेच विचारले की दरवर्षी नववीच्या जूनच्या पटावर किती मुले असतात आणि त्यांतील किती दहावीच्या परीक्षेला आपल्याच शाळेतून बसतात, हे दोन आकडे भिंतीवरच्या निकालाशेजारी लिहायला काय हरकत आहे. फलकावर लिहायला कोणी तयार झाले नाही. समितीला दरवर्षी ते आकडे दाखवायचे आणि नववीतून दाखला मागणाऱ्या प्रत्येक पालकाला समितीतील एका पालक सदस्याने भेटल्याशिवाय दाखला द्यायचा नाही, एवढे मान्य झाले.

महिन्याभराने आलेल्या इतिवृत्तात या सगळ्याची नोंद 'नववीच्या विद्यार्थ्यांबाबत चर्चा झाली' अशी होती. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे हा पुढच्या बैठकीतील पहिला विषय असतो; तो आला तेव्हा आशाताईंनी आणि मी दुरुस्ती मागितली आणि ठराव शब्दशः लिहून घेतला. जूनपासून तीन पालकांनी नववीतून दाखला मागितला. दोघांच्या घरी वाहकमामा जाऊन आले आणि ती दोन मुले शाळेत आहेत. तिसऱ्याचे घर मुंबईला गेले. मुलांचे मूळ कागद अजून पतसंस्थेच्या कपाटात आहेत, आणि या वर्षीच्या सातवीने कागद कधी वाटणार असे मला रस्त्यात थांबवून विचारले आहे.